तयार नसलेला गळा

आमच्या घरी गाणाऱ्या माणसाविषयी दोनच निकाल दिले जात: गळा तयार आहे, किंवा गळा तयार नाही. हे निकाल अण्णा देत. ते चिपळूणच्या एका शाळेत गणित शिकवत आणि संध्याकाळी पेटी काढून नाट्यपदे वाजवत. रेडिओवर कोणीही गायला लागले, की पहिली ओळ संपायच्या आत त्यांच्या चेहऱ्यावर निकाल उमटलेला असे. १९८२ सालच्या मे महिन्यात शेजारच्या चाचींचा थोरला मुलगा दुबईहून सुट्टीवर आला, त्याने येताना एक टू-इन-वन आणि चार-पाच कॅसेटी आणल्या, आणि त्यांतली एक कॅसेट पुढचे तीन आठवडे पडवीच्या पलीकडून सतत ऐकू येत राहिली. चौथ्या की पाचव्या दिवशी अण्णांनी पेटीचा भाता बंद केला आणि म्हणाले, "सुराला बरी आहे पोर, पण गळा अजिबात तयार नाही." ती पोर म्हणजे नाझिया हसन, आणि ती कॅसेट म्हणजे तिचा पहिला स्टुडिओ अल्बम, 'डिस्को दीवाने'. अण्णांचा निकाल बरोबर होता, असे मला आजही वाटते. पण त्या अल्बमचे सारे बळ त्या तयार नसलेल्या गळ्यातच आहे, हे उमगायला मला बरीच वर्षे लागली.

'डिस्को दीवाने' १९८१ साली आला. भारतात तो एचएमव्हीने काढला. नाझियाचा जन्म ३ एप्रिल १९६५ चा, कराचीचा. बालपण काही कराचीत, काही लंडनमध्ये गेलेले. म्हणजे अल्बम बाजारात आला, तेव्हा तिचे वय पंधरा-सोळा. काही गाण्यांत तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ झोहेब गातो. संगीताची सगळी सूत्रे बिद्दू यांच्या हाती होती आणि ध्वनिमुद्रण लंडनमध्ये झाले. पुढे ही भावंडे जोडीनेच ओळखली गेली, तरी या पहिल्या अल्बमवर ठसा आहे तो नाझियाचाच.

या अल्बमची गोष्ट खरे तर त्याच्या एक वर्ष आधी सुरू होते. फिरोज खान तेव्हा 'कुर्बानी' करत होते. चित्रपटाचे संगीत कल्याणजी–आनंदजी यांचे, पण झीनत अमानवर चित्रित होणाऱ्या एका गाण्यासाठी फिरोज खान यांना लंडनचा आवाज हवा होता, आणि त्यासाठी त्यांनी तिथे राहणाऱ्या बिद्दूंना गळ घातली. दोघेही मूळचे बंगळूरचे. लंडनमध्येच एका घरगुती समारंभात फिरोज खान यांची या शाळकरी मुलीशी गाठ पडली आणि त्यांनी तिला बिद्दूंकडे पाठवले. त्यातून 'आप जैसा कोई' झाले, इंदीवरांनी लिहिलेले. १९८० साली चित्रपट आला, गाणे घराघरांत गेले, आणि पुढच्या वर्षी पार्श्वगायनाचा फिल्मफेअर पुरस्कार पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती पडला. ज्या पुरस्कारासाठी तयार गळ्याच्या गायिका वर्षानुवर्षे वाट पाहत, तो असा अलगद एका शाळकरी मुलीकडे गेल्याचे अण्णांना बरेच दिवस खटकत होते. एका गाण्यावर एवढे यश मिळाल्यावर त्याच मुलीचा पूर्ण अल्बम करावा, हे कोणाही कंपनीला सुचले असते. पण तो चित्रपटाच्या आधाराशिवाय करावा, हे धाडस मात्र खरेच होते.

बिद्दूंविषयी थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे त्यांचे नाव फार तर 'मेड इन इंडिया' या गाण्यापुरते आठवते. हा गृहस्थ तरुणपणी बंगळुरात गिटार घेऊन गात होता आणि साठच्या दशकात नशीब काढायला इंग्लंडला गेला. १९७४ साली कार्ल डग्लस या जमैकन गायकाकडून त्याने 'कुंग फू फायटिंग' गाऊन घेतले. ते तबकडीच्या मागच्या बाजूसाठी, स्टुडिओतल्या उरलेल्या वेळात उरकलेले गाणे होते. ते ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले. दोनच वर्षांनी टीना चार्ल्सला घेऊन त्याने ब्रिटनमध्ये पुन्हा पहिला क्रमांक मिळवला. म्हणजे नाझिया त्याच्यासमोर माइकशी उभी राहिली, तेव्हा तो काही हौशी परदेशस्थ भारतीय नव्हता. नाचाच्या संगीतात मोठ्या बाजारपेठेवर हुकमत गाजवून आलेला कसबी निर्माता होता. टीना चार्ल्सचा आवाज पहाडी होता. या मुलीचा आवाज मात्र बारीक, किंचित नाकातला, वरच्या पट्टीत गेला की पातळ होणारा होता. अशा आवाजाचे करायचे काय, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

त्याचे उत्तर समजून घेण्यासाठी तेव्हाच्या हिंदी गाण्यात वयाचा हिशेब कसा चाले, हे आठवून पाहावे. १९७३ साली 'बॉबी' आला, तेव्हा डिंपल सोळा वर्षांची होती आणि तिला आवाज देणाऱ्या लताबाई चव्वेचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. यात कोणालाच काही वावगे वाटत नसे आणि वाटण्याचे कारणही नव्हते. सोळा वर्षांच्या मुलीचा भास निर्माण करणे हा लताबाईंच्या कलेचाच भाग होता, आणि नटखटपणाचा, मादकतेचा, लाजण्याचा भास आशाबाई ज्या सफाईने उभा करत, त्याला तोड नाही. पण तो भास होता. पडद्यावरच्या मुलीचे वय आपल्याला पोहोचत असे ते एका प्रौढ, अनुभवी, अत्यंत हुशार गायिकेच्या मध्यस्थीने. नाझियाच्या गाण्यात ही मध्यस्थी नाही. तिला पंधरा वर्षांची मुलगी वठवता आलीच नसती, कारण तिच्याकडे वठवण्याची कलाच नव्हती. ती तशी होती, आणि माइकने ते जसेच्या तसे टिपले. ती 'दिल' म्हणते, तेव्हा त्या शब्दाला ना मुरकी आहे ना उसासा. वहीत लिहिलेला शब्द वाचावा, तशी ती तो म्हणते. चाचींना उर्दू चांगली येत असे आणि त्यांचा आक्षेप नेमका हाच होता, की ही मुलगी शायरी धडा वाचल्यासारखी म्हणते. आज मला त्या धडा वाचण्यातच गोडवा वाटतो, पण चाचींसमोर हे म्हणायची माझी तेव्हाही हिंमत झाली नसती.

बिद्दूंनी केलेला उपाय लंडनच्या स्टुडिओत जुना होता, आपल्या कानांना मात्र नवा. मुंबईत तोवर चित्रपटगीते बहुतांशी गायक आणि सगळा वाद्यवृंद एकत्र बसवून एका दमात मुद्रित होत. चूक झाली, की पुन्हा पहिल्यापासून. बिद्दूंनी गायिकेकडून तीच ओळ पुन्हा पुन्हा गाऊन घेतली, प्रत्येक वेळचे गाणे वेगळ्या ट्रॅकवर ठेवले आणि मग ते ट्रॅक एकावर एक बसवून वाजवले. एकच माणूस एकच ओळ दोनदा गातो, तेव्हा ती हुबेहूब तशीच कधी येत नाही. एखादे अक्षर केसभर आधी सुटते, एखादा सूर किंचित उतरतो, आणि या बारीकसारीक फरकांमुळेच एकत्र ऐकताना आवाजाला अंग येते. आपल्या भजनात बुवांच्या मागे चार टाळकरी तीच ओळ म्हणतात, तेव्हा जो भरणा येतो, त्याच्याशी हे जवळचे आहे. फरक इतकाच, की इथे बुवाही तीच आणि टाळकरीही तीच. हेडफोन लावून 'डिस्को दीवाने'चे ध्रुवपद ऐकावे, म्हणजे हे लगेच लक्षात येते: एक मुलगी गात आहे असे न वाटता, एकाच चेहऱ्याच्या चार-पाच मैत्रिणी खांद्याला खांदा लावून गात आहेत, असे वाटते.

आता अण्णांच्या निकालाकडे पुन्हा येतो. तयार गळ्याच्या गायिकेवर हा उपाय सहजी चालत नाही. जिच्या गळ्यात हरकती आहेत, जी एका सुरावरून दुसऱ्यावर मिंडेने जाते, जिचे प्रत्येक उच्चारण मागच्यापेक्षा थोडे वेगळे आणि म्हणूनच जिवंत असते, तिची दोन गायने एकावर एक ठेवली, तर त्या नाजूक जागा एकमेकींना पुसून टाकतात. सरळ, सपाट, अलंकार नसलेला आवाजच असा थरावर थर चढवायला चांगला. म्हणजे आमच्या पडवीत ज्याला उणीव म्हटले गेले, तेच त्या स्टुडिओत साहित्य ठरले. हे बिद्दूंनी जाणूनबुजून हेरले, की हाताशी असलेल्या आवाजातून निभावून नेता नेता त्यांना ते सापडले, हे ठरवायची मला गरज वाटत नाही. कानाला जे येते, ते पुरेसे आहे.

अल्बममध्ये दहा मुद्रणे आहेत आणि ती सगळी सारख्या मोलाची नाहीत. शीर्षकगीत आणि 'आओ ना' ही दोन्ही नाचाची गाणी ठाकठीक बेतलेली आहेत. ड्रमचा एकसुरी ठेका, त्यावर बेसचा चढता-उतरता धागा, आणि वरून व्हायोलिनच्या ताफ्याच्या सरी, असा बिद्दूंचा नेहमीचा मसाला. 'गाएँ मिलकर' हे गाणे मला कधीच आवडले नाही. ते शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या शेवटच्या समूहगीतासारखे वाटते. झोहेबचा आवाज त्या वयात अजून स्वतःची जागा शोधत होता, त्यामुळे तो पुढे येतो तिथे गाणे थोडे सैल पडते. पण 'लेकिन मेरा दिल' आणि 'धुंधली रात' ही संथ गाणी मी आजही पुन्हा पुन्हा ऐकतो. दुःखाच्या गाण्यात अनुभवी गायिका दुःख समजावून सांगते. नाझिया ते समजावत नाही, कारण तिला ते स्वतःलाच पुरते समजलेले नाही, असे ऐकताना वाटत राहते. रडू येते आहे पण नेमके कशाचे हे ठाऊक नाही, ही पंधराव्या वर्षाची अवस्था मला दुसऱ्या कोणत्याही हिंदी-उर्दू गाण्यात इतकी स्वच्छ ऐकू आलेली नाही. नाचाच्या गाण्यांनी अल्बम खपवला असेल, पण माझ्यापाशी तो टिकला तो या दोन गाण्यांमुळे.

या अल्बमचा उल्लेख 'भारतीय उपखंडातील पॉपची सुरुवात' असा होतो आणि त्याला पुरावा म्हणून बहुधा असे सांगितले जाते, की चित्रपटाबाहेरचे गाणे त्याआधी चालतच नव्हते. हे मराठी माणसाने मुकाट्याने ऐकून घेऊ नये. याच एचएमव्हीने १९३० च्या दशकात जी. एन. जोशी यांच्या आवाजात 'रानारानात गेली बाई शीळ'ची तबकडी काढली होती, ना. घ. देशपांड्यांच्या कवितेची, आणि ती महाराष्ट्रभर वाजली होती. पुढे गजानन वाटवे झाले, मग अरुण दाते झाले. 'शुक्रतारा मंद वारा'ला कोणत्याही नायक-नायिकेची गरज पडली नाही. गझलेचेही तेच. तेव्हा चित्रपटाविना गाणे, गायकाच्या नावावर विकली जाणारी तबकडी, साधा बोलका आवाज आणि माइकशी जवळीक, यांतले काहीही १९८१ साली नवे नव्हते. नवे होते ते हे, की गाणारी आणि ऐकणारी यांचे वय एक झाले. भावगीत हे मोठ्यांचे गाणे होते, लग्न झालेल्यांचे किंवा व्हायच्या बेतात असलेल्यांचे. शाळेतल्या मुलीने शाळेतल्या मुलींसाठी गावे, आणि ते बालगीत नसावे, ही जागा तोवर रिकामी होती.

आणखी एक गोष्ट त्या वेळी आम्हां मुलांच्या ध्यानातही आली नव्हती. ही मुलगी पाकिस्तानची होती. १९६५ च्या युद्धानंतर भारतीय चित्रपटांना पाकिस्तानातल्या चित्रपटगृहांत बंदी झाली, आणि ती त्याच सालची जन्मलेली. 'कुर्बानी' तिच्या गावातल्या थिएटरात लागू शकत नव्हता. लोकांनी तो व्हीसीआरवर पाहिला. तिकडे झिया-उल-हक यांची राजवट, तरुण मुलीने डिस्को गाण्याला मुळीच अनुकूल नसलेली. इकडे तिच्या तबकडीवर एचएमव्हीचा कुत्रा बसलेला, संगीतकार बंगळूरचा, ध्वनिमुद्रण लंडनचे, आणि आमच्यापर्यंत कॅसेट आलेली दुबईहून, जिथे चाचींचा मुलगा एका खोलीत दोन पेशावरच्या आणि एका मंगळूरच्या माणसाबरोबर राहत होता. खुद्द अमेरिकेत तोवर डिस्कोचे दिवस फिरले होते. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या बेसबॉलच्या मैदानावर लोकांनी डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटाने उडवून दिला होता. तिथे जे शिळे झाले होते, ते आमच्या पडवीत ताजे म्हणून आले, आणि आम्हांला ते ताजेच लागले. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रावाल्यांनी 'आप जैसा कोई' दोनदा वाजवले, आणि दोन्ही वेळा गाणारी बाई चाळिशीची होती.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९८२ साली 'बूम बूम' आला. त्यातली गाणी 'स्टार' या चित्रपटात वापरली, चित्रपट पडला, गाणी तरली. १९८४ चा 'यंग तरंग', १९८७ चा 'हॉटलाइन' आणि १९९२ चा 'कॅमेरा कॅमेरा' झाल्यावर तिने गाणे सोडले. तिने कायद्याचे शिक्षण घेतले होते, संयुक्त राष्ट्रसंघात काम केले. १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने ती गेली, तेव्हा पस्तीस वर्षांची होती. नंतरचे चारही अल्बम मी ऐकले आहेत आणि ते वाईट नाहीत. आवाज स्थिर झाला, उच्चार सफाईदार झाले. अण्णांच्या भाषेत गळा थोडा तयार झाला, आणि माझ्या कानाला त्यात काहीतरी कमी झाले. २०१२ साली 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये विशाल–शेखर यांनी 'डिस्को दीवाने' नव्याने बांधले, तेव्हा तिचा मूळ आवाजही त्यात ठेवला. बाकीचे आवाज आणि वाद्ये तिच्याभोवती कितीतरी मोठी आहेत. पण तो जुना थर पुढे आला, की खोलीतला गोंगाट क्षणभर थांबल्यासारखा वाटतो.

अल्बमच्या शेवटी शीर्षकगीत पुन्हा एकदा येते, पण नुसत्या वाद्यांवर, आवाज काढून. कंपनीने जागा भरायला ते टाकले असावे, असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. चाचींच्या पडवीत मात्र सगळ्यांत जास्त वेळा तेच वाजे. माझी थोरली बहीण तेव्हा चौदा वर्षांची होती. गाण्याच्या क्लासात तिला सांगण्यात आले होते, की आवाज लहान आहे, मैफिलीचा नाही, आणि अण्णांनीही ते खोडून काढले नव्हते. तिने क्लास सोडला होता आणि घरात ती गुणगुणतही नसे. त्या मे महिन्यात दुपारी जेवणे झाली, मोठी माणसे आडवी झाली, की ती आणि चाचींच्या दोन मुली टू-इन-वनसमोर बसत, कॅसेट अंदाजाने पुढे सरकवत, ते वाद्यांचे गाणे लागले की थांबत, आणि तिघी मिळून रिकाम्या जागेत गात. तिघींचे आवाज बारीक होते, तिघींच्या ओळी थोड्या पुढेमागे होत, आणि भिंतीपलीकडून ऐकताना ते कॅसेटमधल्या मुलीसारखेच ऐकू येई. एका दुपारी अण्णा मध्येच उठले आणि दाराशी येऊन उभे राहिले. मुलींना ते दिसले नव्हते. गाणे संपेपर्यंत ते तसेच उभे होते. मग काही न बोलता आत गेले आणि पुन्हा आडवे झाले.